हाताचा वेग

कोळंबीची गाडी खाडी ओलांडून येईपर्यंत शेडमध्ये कुणालाच काम नसायचं. तरी बायांनी उजाडल्या उजाडल्या येऊन बसायचं, असा तिथला नियम. आगरदांड्याच्या अलीकडे, खाडीला लागून ती पत्र्याची शेड होती. म्हसळ्याकडच्या तळ्यांतली कोळंबी दिघीहून फेरीबोटीने यायची. इथे सोलून, धुऊन, बर्फात भरून मुंबईला जायची आणि तिथून परदेशात. सोलणाऱ्या सगळ्या आसपासच्या बाया होत्या. कोळणी, आगरणी, मोहल्ल्यातल्या मुसलमान बाया, सगळ्या एकाच पत्र्याखाली.

वैशाख तापला होता. भिंतीच्या सावलीत बसून केसर आपल्या नणंदेच्या बोटांना खोबरेल चोळत होती. तुळशीची बोटं बर्फाच्या पाण्याने आणि कोळंबीच्या रसाने आतून कुजल्यासारखी पांढरी पडली होती. बेचक्यांत भेगा होत्या. उजव्या अंगठ्याचं नख मुळातून सुटलं होतं. कोळंबीचं कवच उघडायचं ते याच अंगठ्याने, त्यामुळे तिथे दुखलं की सगळा हातच अडायचा.

"हळू गो," तुळशी म्हणाली.

"वन्सं, आज सुट्टी घ्यायची व्हती."

"घरात बसून काय करू? तुजा नवरा बसलाय तो काय कमी हाय?"

केसर हसली. तुळशी तिच्या नवऱ्याची, चांगदेवची, थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती भावाकडे राहायला आली, त्याला आता बरीच वर्षं झाली. केसर लग्न होऊन आली तेव्हा तुळशीनेच तिला हाताला धरून या शेडमध्ये आणलं. मुंडी कशी पिरगळायची, पायांच्या बाजूने अंगठा कसा घालायचा, पाठीतला काळा दोरा न तुटता कसा ओढायचा, सगळं तिनेच शिकवलं. तेव्हा तुळशीचा हात शेडमध्ये सगळ्यांत जलद होता. आता केसरचा होता.

गाडी येण्याआधी प्रज्योत बाहेर आला. तो शेडचा व्यवस्थापक. गाव इथलंच, शिकला म्हसळ्याच्या कॉलेजात. त्याच्या बगलेत कसलासा कागद होता आणि शर्ट पाठीला चिकटला होता. कंपनीचे साहेब आदल्या दिवशी येऊन गेले होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. काय बोलले, तेवढंच ठाऊक नव्हतं.

"बायांनो, ऐका," तो म्हणाला. "आपला माल महाग पडतो. बाहेरच्या देशांत एक बाई दिवसाला जेवढं सोलते, त्याच्या निम्मं आपल्याकडं होतं. गिऱ्हाईक म्हणतं, मग तुमच्याकडून कशाला घ्यायचं? गिऱ्हाईक गेलं की शेड गेली. आणि ही गोष्ट एकट्या आपल्या शेडची न्हाय. साहेब म्हणाले, सगळ्या देशात असंच चाललंय. माणसं भरपूर, काम थोडं. म्हणून देश मागं पडतो. तुमच्या हाताचा वेग तोच देशाचा वेग."

बिल्किसने पदर सारखा केला. मोहल्ल्यातली ही बाई टेबलाला केसरच्या समोर असायची, आणि मनात आलं ते बोलून मोकळी व्हायची.

"मग देशाला म्हणावं, आधी गाडी तरी वेळेवर पाठव," ती म्हणाली. "आम्ही फजरच्या नमाजापासून बसलोय."

हसू फुटलं. प्रज्योतही जरासा हसला, पण लगेच त्याचा चेहरा पुन्हा ओढल्यासारखा झाला. "गाडी माझ्या हातात न्हाय, आपा. तळ्यावर बर्फ मिळत न्हाय, वीज जाते. मी किती फोन करू? मला जे सांगितलंय ते मी सांगतो. आजपासून टेबलाचा माल एकत्र तोलायचा न्हाय. जिचं तिचं ताट वेगळं."

आजवर एका टेबलाच्या बायांचा माल एकत्र तोलला जायचा आणि पगार सारखा वाटला जायचा. कुणाच्या अंगात ताप असला, कुणाची पाळी असली, कुणाचं मूल रात्रभर रडलेलं असलं, तर बाकीच्यांचे हात ते ओढून न्यायचे. कोण किती सोलतं याचा कुणी विचार केला नव्हता असं नाही. पण तो कधी कुणी तोंडावर आणला नव्हता.

केसरने नकळत तुळशीच्या अंगठ्याकडे पाहिलं. तुळशीने हात पदराखाली घेतला.

*

पहिल्या दिवशी केसरने कसं केलं ते तिचं तिलाच नीट कळलं नाही. तुळशी शेजारी उभी होती. तिच्या ताटात मूठ-दोन मूठ कोळंबी तळाशी पडलेली, आणि केसरचं ताट शिगेला आलेलं. पर्यवेक्षण करणारी मुलगी पाठमोरी झाली, तशी केसरने ओंजळ भरली आणि तुळशीच्या ताटात सोडली. हात परत बर्फाच्या पाण्यात. जणू काहीच झालं नाही.

मग तेच रोज. आपलं ताट भरायचं आणि नणंदेचंही भरायचं म्हणजे दीड माणसाचं काम. केसर मान वर करेनाशी झाली. प्यायला पाणी मागेनाशी झाली, कारण पाणी प्यालं की मोरीला जावं लागतं. घाईत कोळंबीच्या डोक्यावरचा काटा बोटात घुसायचा, रबरी हातमोज्यांनी वेग येत नाही म्हणून ते तिने काढून ठेवले होते. कधी शेपटी तुटायची. तुटलेली कोळंबी तुकड्यात जाते, तिला भाव नाही. पाठ कमरेपासून ताठ व्हायची ती संध्याकाळी घरी जाईपर्यंत सैल होत नसे.

समोरून बिल्किस बघत होती. तिने पाहिलंय हे केसरला एके दिवशी कळलं. थोड्या वेळाने हातातली ओंजळ घेऊन बिल्किस टेबलाला वळसा घालून बर्फ आणायला निघाली, आणि जाता जाता तुळशीच्या ताटावर तिची ओंजळ रिकामी झाली. परत येऊन ती पुन्हा सोलू लागली.

तुळशीला मात्र ते दिसलं. तिला आधीचंही दिसत असणार. तिचे हात थांबले. मग तिने दोन्ही तळव्यांनी वरची कोळंबी ओढली आणि निम्मी केसरच्या ताटात, निम्मी बिल्किसच्या ताटात टाकली.

"मी काय भीक मागते?" ती म्हणाली. आवाज हळू होता, पण टेबलावरच्या सगळ्यांनी ऐकला.

त्या दुपारी वजनकाट्यावर तुळशीचं ताट आलं तेव्हा मुलीने आकडा मोठ्याने वाचला. प्रज्योत तिथे उभा होता. त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, "मावशी, तुम्ही जरा मागच्या टेबलाला जा."

मागचं टेबल मोरीजवळ होतं. तिथे तुकडा निवडायचा. सोललेल्या कवचांचं पाणी तिथून वाहायचं आणि त्यात घोट्यापर्यंत उभं राहावं लागायचं. तुळशीने आपलं ताट उचललं. इतक्या बायांच्या मधून ती चालत गेली, आणि त्या सगळ्यांना नेमकं त्याच वेळी आपापल्या हातांत काहीतरी बघायचं होतं. बहुतेक जणींना हे काम तिनेच शिकवलं होतं.

*

चांगदेव ज्या बोटीवर खलाशी होता तिचं इंजिन बिघडलं होतं. मालक मुंबईहून सुटा भाग आणतो म्हणाला आणि पावसाळी मासेमारी बंदीचे दिवस जवळ आले तरी आणला नाही. चांगदेव दिवसभर किनाऱ्यावर, माडाखाली, बाकीच्या खलाशांबरोबर जाळं सांधत बसायचा. घरी जाताना केसर त्या वाटेने आली. एक जाळं होतं आणि भोवती पाच जण होते. दोघांच्या सुया चालत होत्या, बाकीचे दोरा धरून बोलत होते.

ती जरा लांब थांबली. चांगदेव उठून आला.

"वन्संना मागं टाकलं," ती म्हणाली.

त्याने डोक्याचा रुमाल सोडला, झटकला, परत बांधला. "मग तिला घरी बसव. हात सडवून घेते नुसती."

"बसव म्हणजे? मी बसवू?"

"मग कोन?"

"तुजी बहीण हाय."

चांगदेवने मागे वळून जाळ्याकडे पाहिलं. "आमच्याकडं बघ. दोघांचं काम, पाच जणं बसलोय. सगळ्यांना ठाव हाय. पण तिघांना ऊठ म्हनायचं कुनी? मालक म्हनंल तर म्हनंल. आमच्यातला कोन म्हननार न्हाय."

हे बोलताना त्याला त्यात काही मोठेपणा वाटत होता असं नाही. उलट त्याचा चेहरा पडलेलाच होता. पाचांत वाटलेली मजुरी घरात काय येते, हे दोघांनाही ठाऊक होतं. चूल शेडवर चालली होती. म्हणजे आता केसरवर.

*

साहेब पुन्हा आले त्या दिवशी गाडी डोक्यावर ऊन आल्यावर पोचली. पेटाऱ्यांतला बर्फ वितळून नुसतं कोमट पाणी झालं होतं आणि कोळंबी मऊ पडायला लागली होती. असा माल झटकन सोलला नाही तर फेकावा लागतो. प्रज्योत टेबलाटेबलावरून "चला, चला" करत फिरत होता. साहेब तरुणच होते, स्वच्छ पांढरे बूट घातलेले. फोनमधलं घड्याळ लावून ते एकेकीच्या मागे उभे राहत. कुणी मागे उभं राहिलं की हात आपोआप चुकतो. केसरच्या मागे ते बराच वेळ थांबले. तिच्या मानेवरून घाम ओघळत होता आणि तो पुसायला हात मोकळा नव्हता.

बिल्किसला राहवलं नाही. "साहेब, घड्याळ आता लावलंत. सकाळपासनं लावलं असतंत तर?"

साहेब रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, "बाई, तुम्ही वाट बघत बसलात तो वेळही यातच धरला जातो. दिवसाला किती माणसं आणि किती माल, एवढंच वर विचारतात. मध्ये काय झालं ते कुणी विचारत नाही. मलाही नाही."

ते गेल्यावर प्रज्योतने केसरला काट्यापाशी बोलावलं.

"तुझं काम त्यांना आवडलं," तो म्हणाला. "टेबलाची मुख्य तुला करायची ठरलीये. पगार वाढेल."

केसर वाट बघत राहिली. एवढंच असतं तर त्याने तिच्या डोळ्यांकडे पाहिलं असतं.

"आणि प्रत्येक टेबलामागं एक बाई कमी करायचीये. तुमच्या टेबलात मागं गेलेल्याही धरायच्या. नाव मुख्य बाईनं द्यायचं."

"मी?"

"तू न्हाय दिलंस तर वरून येईल. वरच्यांना तुम्ही कोण, कुणाची, काय माहीत? उद्या तुझंच आलं तर? आपांचं आलं तर? त्या बोलल्यात आज." त्याने तोंडावरून हात फिरवला. "माझी शेड चालली न्हाय तर मलाही ठेवत न्हायत, केसरताई. उद्या सकाळी सांग."

घरी तुळशी चुलीपुढे बसून डाव्या हाताने भाकरी थापत होती. नीट जमत नव्हती, काठ फाटत होते. ती पावसाळ्याचं बोलत होती. पडवीवर यंदा ताडपत्री घालू, मागच्या साली माझ्या अंथरुणावर गळत होतं, शेडचा पगार झाला की मुरुडला जाऊन आणू. केसर तिच्याकडून परात घ्यायला पुढे झाली. आता बोलावं, असं तिला तीनदा वाटलं. वन्सं, असं असं विचारलंय, काय करू? शब्द गळ्याशी यायचे आणि तुळशी पुढचं काहीतरी बोलायची. चांगदेव जेवला, उठला. तुळशीने भांडी ओढून घेतली. केसर अंथरुणावर पडून पत्र्याकडे बघत राहिली आणि विचारायचं राहूनच गेलं.

सकाळी "मी होते पुढं" म्हणून ती एकटीच निघाली. प्रज्योत शेडचं कुलूप काढत होता.

"आमच्या वन्सं," ती म्हणाली.

"नाव सांग. मला नाव लिहावं लागतं."

थोरल्या नणंदेचं नाव तिने आजवर तोंडाने घेतलं नव्हतं. कुलपाच्या लोखंडाकडे बघत ती म्हणाली, "तुळशी." आणि तोंडात खारट चव आली, ओठ दातांखाली आला होता म्हणून.

*

त्या दिवशी गाडी वेळेवर आली. केसर वेगाने सोलत होती, आज फक्त स्वतःचं ताट. दुपारच्या तोलाच्या आधी मोरीकडून तुळशी चालत आली. तिने अंगावरचं प्लास्टिक काढून घडी घातली होती, गमबूट हातात धरले होते. सगळ्यांच्या मधे, टेबलांच्या वाटेत, ती अनवाणी उभी राहिली.

"परज्योत," ती मोठ्याने म्हणाली. "मला आता जमत न्हाय. हात चालत न्हाय. उद्यापासनं मी येनार न्हाय. कुनाला कमी करायची आसंल तर ती मी झाले. दुसऱ्या कुनाचं नाव घेऊ नको."

प्रज्योत "मावशी" एवढंच म्हणाला.

केसरच्या छातीतून काहीतरी सुटलं. सुटका होती ती. कुणाला कळणार नाही, वन्सं आपणहून गेल्या, आपलं नाव कुठे आलंच नाही. ते बरं वाटणं जाणवताक्षणी तिला स्वतःची किळस आली. तिने मान वर केली तर बिल्किस तिच्याकडेच बघत होती. कुलूप उघडताना बिल्किस नळाशी होती, हे केसरला आता आठवलं.

संध्याकाळी तुळशी तिच्यासाठी रस्त्याला थांबली होती. दोघी नेहमीसारख्या चालू लागल्या. खाडीवरून गरम वारा येत होता. सुकायला घातलेल्या बोंबलांच्या मांडवाशी आल्यावर केसरचे पाय पुढे जाईनात.

"वन्सं, मी सकाळी तुमचं नाव दिलं व्हतं."

तुळशी थांबली नाही. दोन पावलं पुढे जाऊन मग वळली.

"ठाव हाय. परज्योत आला व्हता मोरीवर सांगाया. रडवेला झालेला. म्हनून तर उठले मी. भावाच्या बायकोनं काढली, असं गावात व्हायला नको."

केसर रस्त्यातच खाली बसली. तुळशीने तिला उठवलं नाही.

"माजंच नाव द्यायला पायजे व्हतं," ती म्हणाली. "मीच तुला सांगितलं आसतं दे म्हनून. पन तू इचारलं न्हायस, केसर. एका घरात झोपलो, एका ताटातलं खाल्लं, आन तू इचारलं न्हायस."

मग ती निघून गेली, केसरला मागे टाकून.

*

तुळशीने सुक्या मासळीचा धंदा धरला. किनाऱ्यावरून सुकट-बोंबील उचलायचे आणि सकाळच्या एसटीने मुरुडच्या बाजारात जाऊन बसायचं. भरलेली पाटी एकटीला डोक्यावर घेता येत नाही, कुणीतरी हात लावावा लागतो. केसर पहिल्या दिवशी पुढे झाली. तुळशीने तिच्याकडे न बघता कुंपणापलीकडे हाक मारली, "गोदावरी, ये गो जरा." शेजारची गोदावरी आली, तिने पाटी उचलून दिली. दुसऱ्या दिवशीही गोदावरीच. घरात तुळशी बोलायची, मीठ कुठाय, पाणी आलं का, एवढं. केसर हात पुढे करायची आणि मागे घ्यायची.

शेडमध्ये टेबलाचा वेग वाढला. प्रज्योतने सांगितलं, साहेब खूश आहेत. पण गाडी कधी सकाळी येई, कधी दुपारी, कधी येतच नसे. कमी झालेल्या बाया आणि उरलेल्या बाया यांच्यात तेवढ्या दिवसांपुरता काही फरक नसायचा. त्या घरी बसून असायच्या, ह्या शेडच्या भिंतीला टेकून.

असंच एका सकाळी प्रज्योतने केसरला पुन्हा काट्यापाशी बोलावलं. त्याचे डोळे तांबारले होते. "अजून एक," तो म्हणाला. "दिवसाचा हिशोब बसत न्हाय म्हणतात. उद्या नाव दे."

या वेळी केसर तशीच मागे फिरली. भिंतीशी बसलेल्या आपल्या टेबलाच्या बायांपुढे ती उभी राहिली.

"माज्याकडं परत नाव मागितलंय," ती म्हणाली. "मागच्या टायमाला मी वन्संचं दिलं, कुनाला न इचारता. आता एकटी देनार न्हाय. काय करायचं ते सगळ्या मिळून बोला."

सगळ्या एकदम बोलू लागल्या. एक केसरवर ओरडली, तू मुख्य झालीस ना, मग भोग. एक रडायला लागली. कुणी म्हणालं, पगार परत सारखा वाटून घेऊ, तोल एकत्र करा म्हणावं. कुणी म्हणालं, ऐकेल कोण? बिल्किस उठून केसरच्या शेजारी येऊन उभी राहिली. "चला, परज्योतला इथं बोलवा," ती म्हणाली. "त्याला पण बसू दे खाली आमच्यात." प्रज्योत आला आणि खरंच खाली बसला. बोलणं तोडगा निघण्याआधीच तुटलं, कारण गाडी आली. उद्या काय होईल, शेड राहील का जाईल, हे कुणाला सांगता येत नव्हतं.

संध्याकाळी तुळशी ओट्यावर रिकामी पाटी धूत होती. केसर तिच्यासमोर बसली आणि सगळं सांगितलं. कोण काय म्हणालं तेही.

"काय करू, वन्सं?"

तुळशीने पाटी पालथी घातली. उठून आत गेली.

सकाळी केसर दात घासत दाराशी उभी होती. ओट्यावर पाटी भरून तयार होती. तुळशीने लुगड्याचा काष्टा आवळला, डोक्यावर चुंबळ ठेवली आणि कुंपणापलीकडे बघितलंसुद्धा नाही.

"ये, हात लाव," ती म्हणाली.

केसरने घाईने हात धुतले. दोघी वाकल्या. पाटी जड होती, केसरच्या तळहातांतल्या जखमा ताणल्या. पाटी छातीपर्यंत आली, मग खांद्यापर्यंत, मग तुळशीने मान खाली घालून ती चुंबळीवर घेतली. केसरने हात लगेच सोडले नाहीत.

"सोड आता," तुळशी म्हणाली. आणि भाराखाली मान ताठ धरून, समोर बघतच पुढे म्हणाली, "सगळ्या मिळून तोल एकत्र मागा. न्हाय म्हनले तर न्हाय म्हनले. तिथनं काढलं तर माज्यासंगं मुरुडला चल. बसायला जागा धरते."

एसटी लांबून वाजली. तुळशी झपाझप थांब्याकडे निघाली. केसर दोन्ही हात अजून तसेच वर धरून ओट्यावर उभी होती.